घरची कणगी की भाड्याची वखार?

यंदा आपल्या महाविद्यालयात एका प्रश्नावर बरीच भवति न भवति झाली. प्रश्न गॅदरिंगचा नव्हता, वर्ग-प्रतिनिधींचा नव्हता, की कँटीनमधल्या चहाच्या दराचाही नव्हता. मराठी विभागाने गेली तीन वर्षे जमविलेला अहिराणी बोलीचा ध्वनिसंग्रह, आणि त्या संग्रहात एखादा शब्द घातला की तो कोणत्या गावी कोणी कसा उच्चारला हे शोधून देणारे, शेजारच्या विज्ञान महाविद्यालयातील मित्रांनी तयार केलेले सॉफ्टवेअर, या दोहोंनी यापुढे राहावे कोठे, असा तो प्रश्न होता. एका पक्षाचे म्हणणे असे की, कॉलेजने स्वतःचा डिस्क-अॅरे विकत घ्यावा. आपले आपल्या घरात राहील. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, कपाटे घेऊन बसण्याचा जमाना गेला. सगळे क्लाउडवर चढवावे आणि निश्चिंत व्हावे. पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात यांपैकी एका गोष्टीसाठी तरतूद व्हायची आहे, आणि म्हणूनच हा लेखनप्रपंच.

कला शाखेच्या विद्यार्थ्याने या यंत्रांच्या भानगडीत कशाला पडावे, असे कोणी विचारील. यंत्रे कोणाचीही असोत, आत ठेवायचा माल आमचा आहे. ज्यांच्या जात्यावरच्या ओव्या आपण टिपून घेतल्या त्यांपैकी काही आजी आज हयात नाहीत. पुस्तक फाटले तर दुसरी प्रत मागविता येते. हा आवाज पुन्हा मागविण्याची सोय नाही. तेव्हा तो कोठे ठेवायचा हे ज्यांना यंत्र कळते त्यांनीच फक्त ठरवावे, हे मला मान्य नाही. यंत्र काय करते एवढे समजून घेतले की पुढचा विचार व्यवहाराचा आहे, आणि व्यवहार शेतकऱ्याच्या मुलालाही कळतो.

प्रथम डिस्क-अॅरेचे पाहू. डिस्क म्हणजे माहिती लिहिण्याची तबकडी, आणि अशा अनेक तबकड्या एका पेटीत एकत्र जोडल्या की झाला अॅरे. अमेरिकेत बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी १९८८ साली यावर एक निबंध प्रसिद्ध केला, आणि त्यातून 'रेड' हे नाव रूढ झाले. त्या काळी मोठ्या संगणकांच्या डिस्क फार महाग असत. या तिघांचे म्हणणे असे की, लहान संगणकांच्या स्वस्त डिस्क पुष्कळ संख्येने एकत्र जोडल्या तर त्याच पैशांत जास्त काम होईल. अडचण एकच होती. जितक्या डिस्क जास्त, तितकी त्यांतली एखादी बिघडण्याची शक्यता जास्त. ज्याच्या गोठ्यात शंभर बैल, त्याच्याकडे रोज एखादा तरी लंगडा निघायचाच.

यावर काढलेली तोड मला फार आवडली. समजा, तीन डिस्कवर ५, ८ आणि ४ असे तीन आकडे लिहिले. चौथ्या डिस्कवर त्यांची बेरीज, म्हणजे १७, लिहून ठेवली. आता दुसरी डिस्क जळाली. काय हरवले? १७ मधून ५ आणि ४ वजा करा. ८ परत मिळतात. प्रत्यक्षात साध्या बेरजेऐवजी संगणकाला सोयीची दुसरी क्रिया वापरतात आणि ही बेरजेची जागा सगळ्या डिस्कांवर वाटून टाकतात; पण तत्त्व हेच. बिघडलेली डिस्क काढावी, नवी बसवावी, आणि यंत्र राहिलेल्या डिस्क वाचून हरवलेले सगळे पुन्हा लिहून काढते. तेवढ्या वेळातही काम चालूच राहते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत दहा-वीस माणसे एकाच मोठ्या फाइलींवर बसली आहेत, चित्रपटाचे संकलन चालले आहे, अशा ठिकाणी ही युक्ती सोन्यासारखी आहे.

परंतु ही युक्ती काम न थांबावे म्हणून आहे, माल न हरवावा म्हणून नव्हे. आणि आपल्याकडचा घरचा पक्ष नेमका हाच फरक विसरतो. बेरीज मांडणाऱ्या यंत्राला बरेवाईट कळत नाही. एखाद्याने चुकून फाइल पुसली, तर ते सगळ्या डिस्कांवर ती इमानेइतबारे पुसते आणि नव्या रिकामेपणाची बेरीजही बिनचूक लिहून ठेवते. खोलीला आग लागली, वीज कडाडून पडली, चोराने पेटीच उचलून नेली, तर चार डिस्क काय आणि चाळीस काय. शिवाय या डिस्क एकाच दिवशी, एकाच दुकानातून, बहुधा एकाच खोक्यातून आलेल्या असतात. त्यांचे वय सारखे, त्यांचे कष्ट सारखे. आज मोठ्या डिस्क २० टेराबाइटच्या मिळतात. सेकंदाला २५० मेगाबाइट या बऱ्यापैकी वेगानेही अशी एक डिस्क भरून काढायला सुमारे बावीस तास लागतात, आणि मध्ये दुसरे काम चालू असेल तर त्याहून जास्त. एवढा वेळ उरलेल्या म्हाताऱ्या बैलांवर सगळा नांगर. त्यात दुसरा बसला की खेळ आटोपला. म्हणून दोन डिस्क एकदम गेल्या तरी चालेल अशी व्यवस्था पुढे आली; पण ती आगीवर आणि चुकीवर उपाय नाही.

आगीचे उदाहरण दूर शोधायला नको. दक्षिण कोरियात देजॉन शहरी सरकारचे मोठे संगणक-केंद्र आहे. २६ सप्टेंबर २०२५ रोजी तेथे बॅटऱ्यांना आग लागली. सरकारी नोकरांनी आपली कामाची कागदपत्रे आपापल्या संगणकावर न ठेवता तेथल्या एका सामाईक कोठारात ठेवावीत, असा दंडक होता. ते कोठार ८५८ टेराबाइटचे होते आणि ते जळाले. त्याची दुसरी प्रत बाहेर कोठेही नव्हती. कारण सांगितले गेले ते असे की, कोठार फारच मोठे असल्यामुळे प्रत ठेवता आली नव्हती. जे फार मोठे म्हणून त्याची प्रत नाही, हे तर्कशास्त्र मला अजून उमगलेले नाही. तंत्रज्ञानात कोरिया आपल्यापुढे किती आहे हे सांगायला नको. त्यामुळे 'चांगले यंत्र घेतले की झाले' असे म्हणणाऱ्या आपल्या घरच्या पक्षाने या घटनेवर थोडा विचार करावा.

आता क्लाउड. नावातच मोठा घोटाळा आहे. मेघ म्हटले की आपल्याला काहीतरी आकाशातले, कोणाच्याच हाती न लागणारे वाटते. प्रत्यक्षात तो जमिनीवर आहे आणि त्याच्या पोटात त्याच तबकड्या आहेत. मायक्रोसॉफ्टचे एक केंद्र २०१५ पासून आपल्या पुण्यात आहे. अॅमेझॉनचे २०१६ पासून मुंबईत. म्हणजे ढग ढग म्हणून ज्याकडे आपण तोंड वर करून पाहतो, तो एस.टी.ने एका रात्रीत गाठता येईल इतका जवळ आहे. (आत कोणी घेणार नाही, ही गोष्ट वेगळी.) फरक एवढाच की, ती इमारत, त्या डिस्क, तेथली वीज, थंड हवा आणि पहारेकरी दुसऱ्याचे, आपण फक्त भाडे भरायचे. शेतकरी जसा वखार महामंडळाच्या गोदामात पोती ठेवून पावती घेतो, तसेच हे. अॅमेझॉनने असे कोठार १४ मार्च २००६ रोजी सर्वांना खुले केले तेव्हा दर होता महिन्याला गिगाबाइटमागे १५ सेंट. आज अमेरिकेतील केंद्रांत साध्या साठवणीचा पहिल्या टप्प्याचा दर २.३ सेंट आहे. एकेक वस्तू वेगवेगळ्या इमारतींत पसरून ठेवतात, आणि ती हरवण्याची शक्यता किती कमी धरून रचना केली आहे हे सांगताना नव्व्याण्णवनंतर दशांश चिन्ह देऊन आणखी नऊ वेळा नऊ लिहितात. डिस्क बिघडण्याच्या बाबतीत हा दावा खोटा मानण्याचे मला काही कारण दिसत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर जातो, वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, आणि कॉलेजच्या ऑफिसातला पंखादेखील संपावर असतो. अशा ठिकाणी स्वतःचा अॅरे सांभाळण्यापेक्षा पुण्या-मुंबईच्या थंड खोल्या बऱ्या, हे क्लाउडवाल्यांचे म्हणणे अगदी बरोबर आहे.

पण ते जितके नऊ मोजतात ते डिस्कच्या मरणाविरुद्ध आहेत, किल्लीच्या चोरीविरुद्ध नाहीत. कोड स्पेसेस नावाची एक कंपनी होती. तिचा धंदाच मुळी इतरांच्या सॉफ्टवेअर-प्रकल्पांचे कोड सांभाळण्याचा, आणि तिचा सगळा बारदाना अॅमेझॉनच्या क्लाउडवर. जून २०१४ मध्ये कोणा भामट्याने तिच्या नियंत्रण-पटलाचा परवलीचा शब्द मिळविला आणि खंडणी मागितली. कंपनी खाते परत ताब्यात घेऊ लागली हे दिसताच त्याने आत बसून एकेक गोष्ट पुसायला सुरुवात केली. कोड गेले, यंत्रांच्या मांडणी गेल्या, आणि बॅकअपही बहुतेक गेले. कारण बॅकअपची दारेही त्याच किल्लीने उघडत होती. बारा तासांत कंपनी संपली. तिने ग्राहकांना कळविले की यापुढे आम्हाला धंदा चालविता येणार नाही. या सगळ्यात अॅमेझॉनची एकही डिस्क बिघडली नव्हती.

भाडेकरूला आणखी एक भीती असते, ती मालकाने वाडाच मोडायला काढण्याची. गूगलने आपले 'गूगल कोड' हे प्रकल्प ठेवण्याचे ठिकाण बंद करण्याचे मार्च २०१५ मध्ये जाहीर केले आणि जानेवारी २०१६ मध्ये ते बंद केले. नोटीस दिली, बिऱ्हाड हलवायला मुदत दिली. वागणूक सभ्य होती. पण ज्या प्रकल्पाचा कर्ताच दुसऱ्या कामाला लागला होता, त्याच्या वतीने ती नोटीस कोण वाचणार? आपल्यासारख्या कॉलेजात तर ही अडचण दर तीन वर्षांनी येणार. ज्या मित्राच्या ई-मेलवर खाते उघडले तो बी.एस्सी. होऊन नाशिकला जातो. ज्या सरांच्या कार्डावरून पैसे जातात त्यांना दुसऱ्या गावी चांगली जागा मिळते. आणि मग बिल थकल्याची पत्रे अशा पेटीत पडत राहतात जी कोणी उघडत नाही.

येथे पैशांचे बोलले पाहिजे. परदेशातली उदाहरणे दोन्ही बाजूंनी फेकली जातात. थर्टी-सेव्हन सिग्नल्स ही अमेरिकन सॉफ्टवेअर कंपनी क्लाउड सोडून निघाली, याचा गाजावाजा बराच झाला. २०२२ मध्ये तिचे क्लाउडचे बिल सुमारे ३२ लाख डॉलर होते, आणि त्यांतले ९ लाखांच्या आसपास नुसते ८ पेटाबाइट साठवण्याचे. पुढे तिने स्वतःचे १८ पेटाबाइटचे अॅरे घेतले, आणि कंपनीच्याच सांगण्याप्रमाणे त्यांची किंमत साधारण एका वर्षाच्या साठवण-भाड्याइतकी होती. घरचा पक्ष हे उदाहरण मोठ्या उत्साहाने देतो. पण एक पेटाबाइट म्हणजे दहा लाख गिगाबाइट. आपल्याकडे काय आहे? ध्वनिमुद्रण चांगल्या प्रतीचे, म्हणजे तासाला साधारण एक गिगाबाइट, असे ३२० तास. एकूण ३२० गिगाबाइट, आणि सॉफ्टवेअरचे कोड म्हणाल तर त्यापुढे किस झाड की पत्ती. सदऱ्याच्या खिशात मावेल एवढ्या दोन टेराबाइटच्या एका डिस्कवर आपला सगळा संग्रह सहा वेळा मावतो. त्यासाठी अॅरे घेणे म्हणजे दोन पायली बाजरीसाठी पेव खणण्यासारखे आहे. उलट वरच्या दराने क्लाउडचे भाडे धरले तर ते महिन्याला सात-आठ डॉलर पडते. म्हणजे क्लाउडच स्वस्त, असे वाटेल. पण आपल्या कॉलेजची पैशांची रीत निराळी आहे. एकरकमी अनुदान येते, तीन दरपत्रके मागवून वस्तू घेतली जाते, तिची डेड स्टॉक रजिस्टरात नोंद होते. हे ऑफिसला जमते. दर महिन्याला डॉलरमध्ये, कधी सात तर कधी नऊ, असे बिल कायमचे भरत राहणे याला आपल्या हिशेबात खातेच नाही. थर्टी-सेव्हन सिग्नल्सला जे महाग पडले ते आपल्याला स्वस्त आहे आणि जे तिला सहज जमते ते आपल्याला अवघड आहे. म्हणून दुसऱ्याच्या उदाहरणावर आपली खरेदी ठरवू नये.

भाड्यात आणखी एक खुबी आहे, ती क्लाउड-पक्षाने सभेत सांगितली नाही. कोठारात माल भरायला हमाली नाही, काढायला आहे. आत पाठवायला फुकट, बाहेर आणायला ठरावीक मर्यादेनंतर गिगाबाइटमागे पैसे. मोठ्या तीन कंपन्यांनी २०२४ मध्ये कायमचे सोडून जाणाऱ्यांना ही आकारणी माफ केली हे खरे. पण राहून रोज थोडे थोडे काढणाऱ्याला ती आहेच. आपला संग्रह लोकांनी ऐकावा म्हणून आहे, म्हणजे तो जितका जास्त ऐकला जाईल तितके बिल वाढणार.

मग दोघांपैकी कोण? मला वाटते, हा प्रश्नच चुकीच्या जागी उभा केला आहे, आणि याचा उत्तम दाखला गिटलॅब या कंपनीच्या हकीकतीत आहे. हिचाही धंदा कोड सांभाळण्याचा. २०१६ च्या अखेरीस हिने जाहीर केले की क्लाउडचा वेग पुरत नाही, तेव्हा आम्ही स्वतःची यंत्रे घेणार. जगभरच्या जाणकारांनी सल्ले दिले, वाद झाले, अगदी आपल्यासारखेच. तो वाद चालू असतानाच ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री एक दमलेला कर्मचारी बिघाड दुरुस्त करीत होता. दुय्यम यंत्रावरची रिकामी जागा साफ करायची म्हणून त्याने आज्ञा दिली, ती मुख्य यंत्रावर. एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आले. पण तोवर सुमारे ३०० गिगाबाइटच्या माहितीतून साडेचारच्या आसपास उरली होती.

मग बॅकअप शोधायला लागले. कागदोपत्री ते पाच प्रकारचे होते. एक ज्या कोठारात जात असे ते उघडून पाहिले तर रिकामे. प्रत काढणारा प्रोग्रॅम जुन्या आवृत्तीचा असल्यामुळे ते काम कित्येक दिवस निमूटपणे फसत होते. फसल्याची सूचना ई-मेलने यायची, ती पत्रे दाराशीच नाकारली जात होती. बाकीचेही या ना त्या कारणाने निकामी किंवा चालूच केलेले नव्हते. वाचविले ते सहा तासांपूर्वी एकाने भलत्याच कामासाठी हाताने काढून ठेवलेल्या एका प्रतीने. मधल्या तासांतले गेले ते गेले. त्यात सुमारे पाच हजार प्रकल्प, तितक्याच प्रतिक्रिया आणि सातशे नवी खाती यांच्या नोंदींना फटका बसला. कंपनीने हे काहीही झाकले नाही, दुरुस्ती चालू असताना ती लोकांना थेट दाखविली, हा तिचा मोठेपणा. मार्च २०१७ मध्ये तिने क्लाउडवरच राहायचे ठरविले. आता मला सांगा, त्या रात्री तिच्याकडे स्वतःचा झकास अॅरे असता तर काय निराळे झाले असते? आज्ञा तीच, सेकंद तेवढेच.

त्या रात्री एक गोष्ट मात्र शाबूत राहिली, आणि ती म्हणजे प्रत्यक्ष कोड. तो निराळ्या जागी होता हे एक कारण. पण तो गेला असता तरी फारसे बिघडले नसते. हल्ली बहुतेक प्रोग्रॅमर 'गिट' नावाची पद्धत वापरतात. लायनस टॉरव्हाल्ड्स यांनी ती २००५ साली तयार केली. तीत काम करणाऱ्या प्रत्येकाच्या यंत्रावर नुसती आजची प्रत नसते, सहसा पहिल्या दिवसापासूनचा सगळा इतिहास असतो. मधले कोठार बुडाले तर कोणाही एकाच्या घरून ते पुन्हा उभे करता येते. हे आपल्याला नवीन का वाटावे? तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडविल्या आणि त्या तरल्या, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. चमत्कार बाजूला ठेवला तरी अभंग लोकांच्या मुखी होते आणि संताजी जगनाडे यांच्यासारख्यांच्या वह्यांत होते, एवढे पुरेसे आहे. आपल्या सॉफ्टवेअरचे कोड असे चार मित्रांकडे आहे, म्हणून मला त्याची काळजी वाटत नाही. काळजी वाटते ती ध्वनिमुद्रणांची. ती जड आहेत म्हणून प्रत्येकाने उचलून नेलेली नाहीत, आणि आज ती विभागातल्या एकाच संगणकावर आहेत.

आमच्या घरात लिहिलेले कागद जपण्याची विद्या नवी आहे. आजोबांजवळ जपण्यासारखे कागद असे दोनच: सातबाऱ्याचा उतारा आणि सोसायटीच्या कर्जाची पावती. दोन्ही पत्र्याच्या ट्रंकेत. पण ट्रंक चोरीला गेली असती तरी शेत गेले नसते, कारण मूळ नोंद तलाठ्याच्या दप्तरात होती. आणि दप्तरात कोणी काही खाडाखोड केली असती, तर ट्रंकेतला जुना उतारा पुढे करता आला असता. दोन जागा, दोन किल्ल्या, दोन निरनिराळे मालक, आणि एकाची लबाडी किंवा चूक दुसऱ्याच्या कागदावरून उघडी पडेल अशी सोय. सही करण्यापलीकडे अक्षर न येणाऱ्या माणसालाही ही व्यवस्था कळत होती. पीटर क्रो या अमेरिकन छायाचित्रकाराने हेच तीन-दोन-एक असे आकड्यांत बसविले आहे: प्रती तीन, साधने दोन प्रकारची, आणि निदान एक प्रत दुसऱ्या ठिकाणी. मी त्यात आजोबांच्या ट्रंकेवरून एक भर घालीन, ती अशी की सगळ्या प्रती एकाच माणसाच्या एका किल्लीने पुसता येता कामा नयेत. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातील युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीचे गूगलच्या क्लाउडवरचे बिऱ्हाड गूगलच्या मांडणीतल्या एका चुकीने पुसले गेले. सहा लाखांहून अधिक सभासदांना आठवडाभर खाते पाहता आले नाही; पण निधीने एक प्रत दुसऱ्याच कंपनीकडे ठेवली होती, तिचा आधार मिळाला.

तेव्हा माझी सूचना अशी. अॅरे घेऊ नये. त्याच्या किमतीच्या लहानशा तुकड्यात दोन साध्या डिस्क घ्याव्यात. एक ग्रंथालयाच्या लोखंडी कपाटात ठेवावी, दुसरी विज्ञान महाविद्यालयाकडे द्यावी, आणि त्यांची एक आपल्याकडे घ्यावी, म्हणजे उपकाराची भाषा राहणार नाही. तिसरी प्रत क्लाउडवर असावी. पण ते खाते प्राचार्यांच्या पदाच्या नावे, वर्षाचे पैसे आगाऊ भरून, आणि रोज काम करणाऱ्याला नवे ठेवता येईल पण जुने पुसता येणार नाही अशी मांडणी करून. तशी सोय या कंपन्या देतात. मागावी मात्र लागते. पुढेमागे चित्रीकरण सुरू झाले आणि पसारा शेकडो टेराबाइटवर गेला, तर अॅरेचा विचार जरूर करावा. तेव्हाही या तीन प्रती सुटणार नाहीत. आणि क्लाउडवर ठेवण्यापूर्वी ज्यांनी ओव्या म्हटल्या त्यांच्या घरच्यांना एकदा विचारावे. आवाज आपल्या कॉलेजात राहील असे सांगून आपण तो घेतला होता.

राहिली ती पडताळणी, आणि खरे काम तेथेच आहे. प्रत्येक फाइलचा अंगठ्यासारखा एक ठसा काढता येतो. फाइलमधले एक अक्षर जरी बदलले तरी ठसा बदलतो. असे सगळे ठसे छापून एका नोंदवहीत डकवावेत. ग्रंथालयात दर वर्षी पुस्तकांची मोजदाद होतेच. त्याच आठवड्यात चिठ्ठ्या टाकून वीस ध्वनिमुद्रणे निवडावीत, तिन्ही ठिकाणांहून ती आणावीत, ज्या संगणकावर ती पूर्वी कधीच नव्हती त्यावर उतरवून ठसे जुळवावेत आणि कानाने ऐकावीत. आणायला किती वेळ लागला, कोणाची सही लागली, किल्ली कोणाकडे सापडली, हेही वहीत लिहावे. गिटलॅबकडे पाच बॅकअप होते. ही वही नव्हती. एका दिवसाचे काम आहे. पहिल्या वर्षी बसायला मी आणि माझे दोन वर्गमित्र तयार आहोत. ग्रंथपाल सरांनी फक्त तारीख सांगावी.